कुमासीच्या राजाला भेटायला जाताना

घानात कामानिमित्त येणारे आपले लोक मला हमखास विचारतात, "राजा बघायला मिळेल का हो?" मिळेल, पण आधी तारीख बघा. घानातल्या असांते लोकांच्या राजाचा अक्वासिदाए या सणाचा दरबार कुमासी शहरात दर 42 दिवसांनी, रविवारीच, मान्हिया राजवाड्यात भरतो.

कपडे उजळ घाला. काळा आणि लाल हे तिथे सुतकाचे रंग. डावा हात पुढे करायचा नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बसलेल्या मंडळींना अभिवादन उजवीकडून डावीकडे करत जा. राजांसमोर जायची संधी मिळालीच, तर चपला काढा आणि थेट बोलू नका. ओक्येआमेला, म्हणजे राजाच्या प्रवक्त्याला सांगा, तो तुमचं म्हणणं पोचवतो. भेट म्हणून श्नॅप्स या दारूची बाटली चालते. (पेढे न्यायचा विचार सोडा!)

सध्याचे राजे ओसेई तुतू दुसरे 1999 पासून गादीवर आहेत. घानाच्या 1992 च्या संविधानाने ही राजेपदाची परंपरा राखली, पण राजांना पक्षीय राजकारणाची मनाई केली. तेव्हा निवडणुकीचा विषय काढू नका. उत्तर घानातल्या दागबोन राज्याच्या गादीचा जुना तंटा मिटवणाऱ्या राजांच्या समितीचे ते अध्यक्ष होते, त्याबद्दल जरूर बोला. माझ्या मते त्यांचं खरं वजन तिथेच दिसतं.

वेळ उरला तर 1925 चा जुना वाडा बघा, आता तिथे संग्रहालय आहे.