नकोसे कॉल आणि मेसेज: डीएनडी लावल्यानंतरही करायच्या गोष्टी

डीएनडी ('डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे जाहिरातीचे कॉल-मेसेज नकोत अशी मोबाइल कंपनीकडे केलेली नोंद) लावूनही कर्जाचे फोन येतात, ही तक्रार खरी आहे. त्यावरून 'डीएनडी काही कामाचे नाही' असे म्हटले जाते, ते मात्र अर्धेच खरे. डीएनडी जाहिरातींना सरसकट नकार देते. पण एखाद्या कंपनीला तुम्ही स्वतः कुठेतरी होकार दिला असेल, तर त्या कंपनीपुरता तो होकार डीएनडीपेक्षा वरचढ ठरतो. शिवाय जाहिरातदार म्हणून नोंदणीच न करता साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करणारा माणूस कुठलीही यादी तपासायच्या भानगडीत पडत नाही. उपाय करायच्या आधी आपला त्रास यातल्या कुठल्या प्रकारचा आहे, हे ठरवावे लागते.

भारतात व्यापारी कॉल आणि मेसेजचे नियम ट्रायने म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बरेच कडक केले. खालच्या पायऱ्या त्या नियमांना धरून आहेत.

पायरी १: कॉल किंवा मेसेज कुठून आला ते बघा

नोंदणीकृत कंपनीचा जाहिरातीचा कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा. सेवेचे आणि व्यवहाराचे कॉल, उदाहरणार्थ तुमच्याच बँकेने तुमच्याच खात्याबद्दल केलेला, यांच्यासाठी १६०० ची मालिका आहे. साध्या मोबाइल नंबरवरून कोणी क्रेडिट कार्ड किंवा प्लॉट विकत असेल, तर तो नियमबाह्य कॉल समजा, बोलणारा कितीही गोड बोलो.

मेसेजमध्ये पाठवणाऱ्याचे नाव शेवटपर्यंत वाचा. सुरुवातीची दोन अक्षरे मोबाइल कंपनी आणि सर्कल म्हणजे तिचा विभाग सांगतात, मधली अक्षरे पाठवणाऱ्याची ओळख देतात आणि आडव्या रेघेनंतरचे शेवटचे एक अक्षर मेसेजचा प्रकार सांगते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. शेवटी एस आहे आणि आत 'फक्त आजच, पन्नास टक्के सूट' असेल, तर पाठवणाऱ्याने जाहिरात मागच्या दाराने आत आणली आहे. अशा मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

पायरी २: डीएनडी लावा, पण विचार करून

१९०९ वर फोन करा, किंवा इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट' आणि पुढे शून्य असा मेसेज १९०९ ला पाठवा. ट्रायचे डीएनडी ॲप किंवा तुमच्या मोबाइल कंपनीचे ॲप वापरूनही हे काम होते. शून्य म्हणजे सगळ्या जाहिराती बंद. सगळ्याच नको असतील असे नाही. बँक-विमा, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे वेगवेगळे गट आहेत आणि हवा तो गट चालू ठेवता येतो.

एक सोय फारशी कोणाला माहीत नसते. पसंती नुसत्या विषयाची नसते, संपर्काच्या पद्धतीचीही असते. माणसाने केलेला कॉल, एसएमएस, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवणारा ऑटो-डायलर (आपोआप नंबर फिरवणारी यंत्रणा) कॉल आणि माणसाशिवाय यंत्रानेच केलेला रोबो कॉल यांची नियमांत वेगवेगळी नोंद आहे. वार आणि वेळेचे पट्टेही निवडता येतात. म्हणजे जाहिरातीचे मेसेज आले तर चालतील, पण रेकॉर्डेड कॉल नकोत, असे सांगण्याची मुभा तुम्हाला आहे.

ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याची सूचना किंवा सरकारी इशारे डीएनडीमुळे अडत नाहीत. त्या भीतीने थांबू नका.

पायरी ३: दिलेली संमती शोधा आणि परत घ्या

बहुतेक लोक दुसऱ्या पायरीवरच थांबतात, आणि खरे दुखणे इथेच असते. कर्जाची पात्रता बघायला एखादी वेबसाइट उघडा. मोबाइल नंबर टाकायच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत साधारण असे वाक्य सापडेल: 'माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरी कंपनीने व तिच्या भागीदारांनी मला कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर संपर्क करावा, यास माझी संमती आहे.' चौकटीत टिक बहुधा आधीच केलेली असते. 'भागीदार' या शब्दाचे पोट किती मोठे आहे, ते मग दोन दिवसांत फोनवरच कळते.

नियम तुमच्या बाजूने आहेत. जाहिरातीच्या मेसेजमध्ये नकार कळवण्याची सोय देणे बंधनकारक आहे. एकदा नकार दिला, की त्या पाठवणाऱ्याला ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. एखादा चालू व्यवहार पूर्ण करण्यापुरती दिलेली संमती तर सातच दिवस टिकते. मार्चमध्ये एकदा चौकशी केली म्हणून दिवाळीपर्यंत फोन करत राहण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

संमती लेखी परत घ्या. फोनवर 'पुन्हा करू नका' म्हटले, तर समोरचा 'हो सर' म्हणतो आणि ती नोंद कुठेच होत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल तिच्या वेबसाइटवर असतो. मजकूर एवढाच पुरे:

'माझ्या अमुक क्रमांकावर जाहिरातीचे कॉल, एसएमएस व अन्य संदेश पाठवण्यासाठी आपल्याकडे माझी कोणतीही संमती असल्यास ती मी आज परत घेत आहे. माझा क्रमांक आपण ज्यांना दिला असेल त्यांनाही हे कळवावे. संमती केव्हा व कशी घेतली याची नोंद मला पाठवावी.'

शेवटचे वाक्य गाळू नका. ज्यांच्याकडे नोंद नसते त्यांची या वाक्याने पंचाईत होते, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच ईमेल तुमचा पुरावा ठरतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्येही संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणे सोपे असावे असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

१२७ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून संमती मागणारा मेसेज आला, तर तो मोबाइल कंपन्यांच्या डिजिटल संमती व्यवस्थेतला असतो. कंपनीचे नाव आणि कारण वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

पायरी ४: तक्रार करा, सात दिवसांच्या आत

पूर्वी तक्रारीला तीनच दिवस मिळत, आता सात मिळतात. १९०९ ला पाठवायच्या मेसेजचा साचा ठरलेला आहे: आधी 'यूसीसी' (नकोशा व्यापारी संपर्काचे इंग्रजी लघुरूप), मग कॉल किंवा मेसेजचा मजकूर, मग ज्या नंबरवरून किंवा नावावरून आला ते, आणि शेवटी तारीख, मध्ये स्वल्पविराम. उदाहरणार्थ, 'यूसीसी, पर्सनल लोन ऑफर कॉल, आलेला नंबर, १४/०३/२६', अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि 'आलेला नंबर' या जागी खरा नंबर घालून. ॲपवरून केलीत तर हे सगळे ते स्वतः भरून घेते, कॉल काय होता एवढेच तुम्ही लिहायचे. मजकूर नेमका असू द्या. 'त्रास देतात' असे लिहिलेली तक्रार कुठेच पोहोचत नाही. 'अमुक प्रकल्पातील फ्लॅटची जाहिरात' असे लिहिलेली पोहोचते.

फोन नोंदणी नसलेल्या साध्या नंबरवरून आला असेल, तर तुम्ही डीएनडी लावलेले नसले तरी तक्रार चालते. मोबाइल कंपनीला त्यावर पाच दिवसांत कारवाई करायची असते. पूर्वी ३० दिवस होते. एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असे वाटते खरे. पण दहा दिवसांत एका नंबरविरुद्ध पाच तक्रारी झाल्या, तरी कारवाईचे चक्र फिरते. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना एकच फोन येत असेल, तर नुसते 'मलाही आला' लिहिण्याऐवजी पाच जणांनी तक्रार करावी.

तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. ट्राय वैयक्तिक तक्रारी स्वतः हाताळत नाही, त्यामुळे मोबाइल कंपनीने दाद दिली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे हा क्रमांक घेऊन जावे लागते. भरपाईची आशा मात्र धरू नका. अमेरिकेत १९९१ च्या कायद्यामुळे ग्राहक स्वतः कोर्टात जाऊन एकेका बेकायदा कॉलमागे ५०० डॉलर मागू शकतो. आपल्या या नियमांत दंड होतो, पण तो तुमच्या खिशात येत नाही.

पायरी ५: रेकॉर्डेड आणि मुक्या कॉलना कसे हाताळावे

फोन उचलावा आणि पलीकडे कोणीच नसावे, यात भुताटकी काही नाही. ऑटो-डायलर एकाच वेळी अनेक नंबर फिरवतो, जो आधी उचलेल त्याला मोकळ्या माणसाशी जोडतो आणि बाकीच्यांच्या वाट्याला शांतता येते. अशी यंत्रणा वापरणाऱ्याने मोबाइल कंपनीला आधी कळवणे बंधनकारक आहे.

रेकॉर्डेड कॉलमध्ये 'बंद करण्यासाठी नऊ दाबा' म्हटले, तरी ओळखीची कंपनी नसेल तर काहीच दाबू नका. बटण दाबले, की नंबर चालू आहे आणि माणूस ऐकतो, एवढे तरी त्यांना कळतेच. 'ट्रायकडून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल' हा कॉल तर सरळ फसवणूक आहे. ट्राय कोणाचाही नंबर बंद करायला फोन करत नाही.

अशा फसव्या कॉलची नोंद १९०९ वर नव्हे, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु' सुविधेत करा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बाकी सगळे नंतर. व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती ट्रायच्या या नियमांत बसत नाहीत. तिथे ब्लॉक आणि रिपोर्ट हेच हत्यार, आणि तिसऱ्या पायरीतला ईमेल.

तुम्हीच फोन करणारे असाल तर

क्लास, विमा एजन्सी किंवा छोटे दुकान चालवणारे अनेक जण स्वतःच्या मोबाइलवरून शेकडो लोकांना जाहिरात पाठवतात. त्यांच्याविरुद्ध तक्रारी सिद्ध झाल्या, तर पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद होते. त्यानंतरही तेच केले तर त्यांच्या नावावरची सगळी कनेक्शन वर्षभरासाठी तोडली जातात, घरचा नंबर त्याच नावावर असेल तर तोसुद्धा. जाहिरात करायचीच असेल, तर मोबाइल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (जाहिरातदारांची नोंद ठेवणारी वेबसाइट) नोंदणी करा, पाठवणाऱ्याचे नाव आणि मेसेजचा साचा मंजूर करून घ्या, आणि ज्याने नको म्हटले त्याचा नंबर त्याच दिवशी यादीतून काढा.