सापडलेला लेटरबॉक्स पुन्हा कसा लपवावा

इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरॉट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली आणि तिथवर पायपीट करणारे तिच्यात आपल्या नावाची कार्डे टाकू लागले. लेटरबॉक्सिंगचा, म्हणजे खुणांवरून लपवलेले डबे (लेटरबॉक्स) शोधण्याचा छंद त्यातून रुजला. आता बाटलीऐवजी घट्ट झाकणाचा डबा असतो आणि त्यात रबरी शिक्का व नोंदवही असते; शोधणारा तो शिक्का आपल्या वहीत आणि आपला शिक्का त्या नोंदवहीत उमटवतो. हा डबा किती काळ टिकेल, हे तो ठेवणाऱ्यापेक्षा शोधणाऱ्यांवरच अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे.

डबा बाहेर काढण्यापूर्वी तो कोणत्या दगडाखाली, कोणत्या बाजूने आणि किती आत होता, हे नीट पाहून ठेवावे. आसपास वाटसरू असतील, तर ते पुढे जाईपर्यंत थांबावे. बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त अशा वेळी कामी येते. शिक्के उमटवण्याचे काम लपणीच्या जागी न करता थोडे दूर बसून करावे, म्हणजे कोणी अचानक आले तरी जागा उघड होत नाही.

डब्याचा खरा शत्रू ओलावा आहे. शिक्क्यावरची शाई पुसावी, वहीचे पान वाळू द्यावे, दोन्ही वस्तू वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत हवा काढून बंद कराव्यात आणि झाकणाच्या खाचेत माती किंवा पिशवीचा कोपरा अडकलेला नाही ना, हे बोट फिरवून तपासावे. खाद्यपदार्थ आत कधीही ठेवू नयेत, कारण वासाने आलेले प्राणी डबा कुरतडतात.

डबा होता तिथेच परत ठेवावा. अधिक चांगली जागा दिसली तरी तो हलवू नये, कारण पुढच्या शोधकाच्या हातातील खुणा जुन्याच जागेच्या असतात. वरून पाचोळा आणि एखादा नैसर्गिक वाटणारा दगड पुरतो. दगडांची नीटनेटकी रास मात्र दुरूनही डोळ्यांत भरते. झाकण्यासाठी जमीन खणणे, जिवंत फांद्या तोडणे किंवा जुन्या भिंतींचे दगड उपसणे सर्वथा टाळावे. शेवटी चार पावले मागे जाऊन वाटेवरून पाहावे आणि डब्याचा रंग किंवा कडा दिसत असल्यास पुन्हा झाकावे.

डबा फुटलेला किंवा वही भिजलेली आढळली, तर स्वतः बदल करण्यापेक्षा तो ठेवणाऱ्याला कळवावे.