जर्मनीत नवीन आहात? रेल्वेचं तिकीट काढण्याआधी एवढं वाचा

जर्मनीत आल्यावर पहिल्या महिन्यात होणारी चूक ठरलेली आहे. शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर स्टेशन गाठायचं, मशीनसमोर उभं राहून म्युनिकहून बर्लिनचं तिकीट काढायचं आणि पडद्यावरचा आकडा बघून गार व्हायचं. त्याच गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने कदाचित तुमच्या एक तृतीयांश पैसे दिलेले असतात. इथे लांब पल्ल्याचं भाडं विमानासारखं चालतं: दिवस, वेळ आणि किती आधी काढलं यावर ते वरखाली होतं. रेल्वे महाग आहे असं म्हणण्यापेक्षा घाईत काढलेलं तिकीट महाग आहे, असं म्हणणं जास्त खरं.

आधी गाड्यांच्या नावातली अक्षरं ओळखायला शिका. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या. आरई, आरबी आणि एस-बान या प्रादेशिक आणि उपनगरी. रंगावर जाऊ नका. प्रादेशिक गाड्या बऱ्याचदा लाल असतात, पण खासगी कंपन्यांच्या पिवळ्या, निळ्या, हिरव्याही असतात. एकाच फलाटावर दहा मिनिटांच्या अंतराने आरई आणि आयसी लागतात आणि चुकीच्या गाडीत चढल्यावर टीसीला ‘माहीत नव्हतं’ सांगून भागत नाही. विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरोपासून सुरू होतो.

प्रादेशिक गाड्यांसाठी डॉइचलांड-टिकेट हा पाया. सगळे त्याला डी-टिकेट म्हणतात. मे २०२३मध्ये ते महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२५मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६पासून ६३ युरो आहे. एवढ्यात देशभरातल्या आरई, आरबी, एस-बान, यू-बान (मेट्रो), ट्राम आणि शहरी बस चालतात, दुसऱ्या वर्गात. आयसीई-आयसी-ईसीत ते चालत नाही (काही ठरावीक आयसी मार्गांवर चालतं, पण ते मार्गापुरतंच, रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये बघितल्याशिवाय गृहीत धरू नका). फ्लिक्सट्रेन या खासगी लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्येही नाही. उलट साल्झबुर्ग आणि कुफश्टाइन ही ऑस्ट्रियातली दोन स्टेशनं या तिकिटात येतात, त्यामुळे म्युनिककडच्या लोकांची एक सीमापार सहल यातच होते.

आता यातल्या खाचाखोचा, कारण पैसे इथेच जातात.

हे सुटं तिकीट नाही, वर्गणी आहे. आपोआप पुढच्या महिन्यात जाते. थांबवायची असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. ११ तारखेला जाग आली तर पुढच्या महिन्याचे ६३ युरो गेलेच. म्हणून फक्त एका महिन्यासाठी हवं असेल, समजा आई-बाबा फिरायला येणार आहेत, तर १ तारखेपासून सुरू करा आणि १० च्या आत रद्द करून टाका. महिनाअखेरपर्यंत ते चालतंच. १५ तारखेला घेऊन ‘महिनाभर वापरू’ असा हिशोब करू नका. तिकीट कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, तुमच्या खरेदीपासूनच्या तीस दिवसांचं नाही. काही शहरांचे वाहतूक संघ पहिल्या अर्धवट महिन्याचे तेवढ्याच दिवसांचे पैसे घेतात, तर काही पूर्ण घेतात. तिकीट कुठूनही घेतलं तरी देशभर सारखंच चालतं, तेव्हा घेताना ही अट बघून विक्रेता निवडा.

दुसरी अडचण बँक खात्याची. बरेच विक्रेते खात्यातून थेट वजावट मागतात आणि नवीन माणसाकडे पहिले काही आठवडे जर्मन खातं नसतं. क्रेडिट कार्ड घेणारी ॲप आहेत. तेवढ्यापुरती ती वापरा आणि नंतर बदला. बदलताना जुनी वर्गणी आधी रद्द करा, नाहीतर एकाच महिन्याची दोन तिकिटं खिशात येतील.

नोकरीवर रुजू होताना एचआरला ‘जॉबटिकेट’ (कंपनीमार्फत मिळणारं डी-टिकेट) आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. कंपनीने किमान २५ टक्के भार उचलला तर वर आणखी ५ टक्के सूट मिळते, म्हणजे ६३ चं तिकीट जास्तीत जास्त ४४.१० युरोला पडतं. विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या सेमिस्टर शुल्कातच ते मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत मिळतं, अर्थात विद्यापीठ त्या योजनेत असेल तर. आपल्या शुल्काच्या पावतीवर ते आधीच लागलंय का, हे न बघता बाहेरून दुसरं घेणारे विद्यार्थी दर सत्रात निघतात.

तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही. सोबत पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड ठेवा. ते ॲपमध्ये किंवा चिप कार्डावर असतं; ॲपचा स्क्रीनशॉट टीसी मानत नाही. फोनची बॅटरी संपली तर दंडाची पावती होते, पण तिकीट तुमच्याच नावावर होतं हे नंतर दाखवलं की ती थोड्या युरोंच्या प्रक्रिया शुल्कावर येते. पावती फाडून फेकू नका आणि मुदतही चुकवू नका.

या तिकिटावर लांब जाता येतं का? येतं, पण वेळ मोजा. फ्रँकफर्ट ते कोलोन आयसीईने तासाभराच्या थोडं वर. ऱ्हाइनच्या काठाने कोब्लेंझवरून प्रादेशिक गाडीने त्याच्या दुपटीहून जास्त. पण तो रस्ता इतका देखणा आहे की एकदा मुद्दाम जावं. म्युनिक ते बर्लिन मात्र आयसीईने साधारण चार तास आणि प्रादेशिक गाड्यांनी नऊ-दहा तास, तीन-चार ठिकाणी बदलून. शोधताना ॲपमध्ये ‘डॉइचलांड-टिकेट चालणाऱ्याच गाड्या’ हा पर्याय लावा आणि गाडी बदलण्याचा किमान वेळ वीस मिनिटं करा. ॲप स्वतःहून सहा-सात मिनिटांचे बदल सुचवतं. तेवढ्यात तीन नंबर फलाटावरून चौदावर बॅगांसह पोचणं होत नाही. गाडी चुकली तर पुढची घ्यायची, तिकीट तेच. मात्र दिवसाची शेवटची गाडी धरून बेत आखू नका.

लांब पल्ल्याचा मामला वेगळा. तिथे तीन प्रकारचं भाडं आहे. फ्लेक्सप्राइस: त्या दिवशीची कुठलीही गाडी, सगळ्यात महाग. श्पारप्राइस: ठरलेलीच गाडी, आदल्या दिवसापर्यंत शुल्क कापून रद्द करता येतं. सुपर श्पारप्राइस: सगळ्यात स्वस्त, ठरलेलीच गाडी आणि रद्द केल्यास काहीही परत नाही. स्वस्त तिकिटांचा कोटा प्रत्येक गाडीला मर्यादित असतो. तो संपला की पुढचा दर, मग त्याच्या पुढचा. म्हणून तारीख पक्की झाली की लगेच काढा. शुक्रवार दुपार, रविवार संध्याकाळ आणि ख्रिसमस-ईस्टरच्या आजूबाजूचे दिवस सगळ्यात आधी संपतात. मंगळवार, बुधवार आणि शनिवार दुपारनंतर बऱ्याचदा स्वस्त मिळतं. डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये ‘बेस्टप्राइस’ चालू केलं की दिवसभरातला सगळ्यात कमी दर समोर येतो. सकाळी सहाच्या गाडीवर आणि दहाच्या गाडीवर एकाच दिवशी दुप्पट फरक असणं नेहमीचंच. वय २७ च्या आत किंवा ६५ च्या वर असेल तर प्रवाशाचं वय भरा. त्यांच्यासाठी वेगळे स्वस्त दर आहेत आणि वय न भरल्यास ते दिसतच नाहीत.

एक गोष्ट जुन्या लोकांनाही पटकन सुचत नाही. समजा तुम्ही उल्मजवळच्या एखाद्या गावात राहता, उल्मपर्यंत डी-टिकेटवर येता आणि तिथून आयसीई पकडता. वेगळं आयसीई तिकीट काढलंत आणि गावची आरबी उशिरा आली, तर सुटलेली आयसीई हा तुमचा प्रश्न होतो, कारण ते दोन वेगळे करार आहेत. तेच तिकीट गावापासून थेट काढलंत तर जोडगाडी चुकल्यावर ‘ठरलेलीच गाडी’ हे बंधन आपोआप सुटतं. किमतीत फरक बहुधा किरकोळ असतो, कधीकधी शून्य. दोन्ही दर बघा आणि फरक चार-पाच युरोंच्या आत असेल तर बिनधास्त घरापासून काढा.

तिकीट म्हणजे सीट नव्हे. आयसीईत आरक्षण ऐच्छिक आहे, दुसऱ्या वर्गात माणशी ५.५० युरो जास्तीचे. मंगळवारी दुपारी एकटे असाल तर वाचवा. रविवारी संध्याकाळी लहान मुलं आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर वाचवू नका. सीटच्या वरच्या छोट्या पट्टीवर कुठून कुठपर्यंत आरक्षित आहे ते लिहिलेलं असतं. गाडी सुटून पंधरा मिनिटांत आरक्षणवाला आला नाही तर जागा मोकळी.

मुलांच्या बाबतीत दोन तिकिटांचे दोन नियम आहेत आणि कुटुंबं इथे हमखास फसतात. सहा वर्षांखालचं मूल सगळीकडे फुकट. सहा ते चौदा वर्षांचं मूल आयसीईत मोठ्या माणसासोबत फुकट, पण बुकिंग करतानाच त्याला तिकिटावर घालावं लागतं. नंतर गाडीत जोडता येत नाही. डी-टिकेटवर मात्र सोबत कुणालाच नेता येत नाही, सहा वर्षांच्या पुढच्या मुलालाही वेगळं तिकीट लागतं. कुटुंबाच्या एक दिवसाच्या सहलीला म्हणूनच राज्याचं दिवसभराचं तिकीट, म्हणजे लेंडर-टिकेट, स्वस्त पडतं. बायर्न-टिकेट हे त्याचं उदाहरण: पाच जणांपर्यंत एकत्र, राज्यातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या. आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊपासून, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला मध्यरात्रीपासून, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. घेताना माणसं मोजून घ्या, कारण किंमत माणसागणिक वाढते. आठ पन्नासची गाडी पकडलीत तर तिकीट असूनही विनातिकीट ठरता.

वर्षाला आयसीईच्या चार-पाच लांब फेऱ्या होणार असतील तर बानकार्ड २५ या रेल्वेच्या सवलतीच्या कार्डाचा हिशोब मांडा. वर्षाला ६२.९० युरो, श्पारप्राइससकट सगळ्यावर २५ टक्के सूट. म्हणजे मूळ दराने अडीचशे युरोंची तिकिटं झाली की वसूल. २७ च्या आतल्यांना तेच कार्ड बरंच स्वस्त मिळतं. बानकार्ड ५० फ्लेक्सप्राइसवर निम्मं भाडं माफ करतं, पण श्पारप्राइसवर तेही २५ टक्केच देतं. तेव्हा आधी ठरवून फिरणाऱ्याने ते घेण्यात अर्थ नाही. आणि हीसुद्धा वर्गणीच! वर्ष संपण्याच्या किमान चार आठवडे आधी रद्द केली नाही तर पुढच्या वर्षाचं बिल येतं. कार्ड घेतलं त्याच दिवशी फोनमध्ये दहा महिन्यांनंतरची आठवण लावा.

उशीर होतोच, तेव्हा हक्क ठाऊक असू द्या. तिकिटावर छापलेल्या शेवटच्या स्टेशनला पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की श्पारप्राइसची ‘हीच गाडी’ अट सुटते आणि पुढची कुठलीही गाडी घेता येते. पोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के परत, १२० मिनिटांना ५० टक्के. उशीर मोजायचा तो शेवटच्या स्टेशनवर: पहिली गाडी पंचवीस मिनिटंच लेट होती, पण जोड चुकल्याने तुम्ही पासष्ट मिनिटं उशिरा पोचलात, तर पासष्टच धरतात. ४० युरोंच्या तिकिटावर १० युरो होतात. ॲपमधूनच अर्ज जातो, मुदत तीन महिने, आणि पैसे खात्यात की व्हाउचर हे विचारलं की खातंच निवडा. चार युरोंच्या खालची रक्कम देत नाहीत. डी-टिकेटवर एका तासाच्या उशिराला दीड युरोच मिळतो, त्यामुळे तीन प्रसंग साठवून एकत्र अर्ज करावा लागतो. आणि डी-टिकेटची गाडी लेट झाली म्हणून आयसीईत बसायची मुभा नाही.

शेवटचं, गाडीत बसण्याआधीचं. बऱ्याच गाड्या वाटेत दुभंगतात. बर्लिनहून ऱ्हाइनकडे जाणाऱ्या काही आयसीई हाम स्टेशनात तुटतात: एक भाग डॉर्टमुंड-एसेनकडे, दुसरा वुपर्टालवरून कोलोनला. प्रादेशिक गाड्यांतही हेच. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं लावलेली असतात आणि कुठला डबा कुठल्या अक्षरासमोर थांबणार ते ॲपमध्ये दिसतं. चढताना दारावरचं स्टेशनचं नाव वाचा. फलाटावरच्या पाटीवर दोन्ही नावं असली तरी दारावर एकच असतं.