मोजा टाचेवरून निवडावा

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत सेफ्टी शूज घालून पाळी करणारे कामगार, प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत बुटात असलेली मुले, खानापूरच्या पश्चिम भागात पावसाळाभर ओले बूट वागवणारे नोकरदार, या सगळ्यांची तक्रार सारखीच असते: पाय दुखतात, टाच सोलवटते, मोजा बुटात उतरतो. दोष मात्र बुटाला दिला जातो आणि नवे बूट घेतले जातात; मोजा तसाच राहतो. घरातील सर्वांचे मोजे आणण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे, आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की रंग, जाडी, किंमत या सर्वांच्या आधी मोज्याची टाच पाहिली पाहिजे.

प्रथम पाऊल मोजून घ्यावे. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून हे काम संध्याकाळी करावे. कागदावर उभे राहून, टाच भिंतीला टेकवून, सर्वांत पुढे येणाऱ्या बोटापाशी खूण करावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पावले मोजावीत, मोठे असेल ते धरावे आणि तेवढ्याच लांबीची कागदाची पट्टी कापून खिशात ठेवावी.

आता बाजार. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात मोजे मागितले की बहुधा ‘फ्री साइझ आहे, सगळ्यांना बसतो’ असे उत्तर मिळते. या उत्तरावर समाधान मानू नये. आपल्याकडे चालणाऱ्या बुटांच्या क्रमांकांत एका पूर्ण क्रमांकामागे एक तृतीयांश इंचाचा फरक असतो. म्हणजे ६ पासून १० क्रमांकापर्यंत चालतो असे लिहिलेल्या मोज्याला जवळजवळ साडेतीन सेंटिमीटरचा फरक ताणावर भागवावा लागतो. मधल्या क्रमांकाच्या पायाला तो ठीक बसेल. सहा क्रमांकाच्या पायात त्याची वळी पडते आणि दहा क्रमांकाच्या पायात तो बोटे मागे ओढत राहतो. तेव्हा लहान पल्ल्याचा, म्हणजे दोन किंवा फार तर तीन क्रमांकांसाठी विणलेला मोजा शोधावा.

दुसरा प्रचलित सल्ला मुठीचा आहे. मूठ आवळायची, तिच्याभोवती मोज्याचा तळवा गुंडाळायचा आणि टाच व टोक जुळले की मोजा घ्यायचा. घाईच्या वेळी पट्टी जवळ नसेल तर याने लांबीचा अंदाज येतो, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या टाचेपासून ही लांबी धरायची, ती मोज्यात मुळात नीट विणलेली आहे का आणि किती खोल आहे, हे मूठ सांगत नाही. आणि मोज्याचे सगळे सुखदुःख तर तिथेच ठरते.

टाच तपासण्याच्या या टप्प्याने मलाही बराच काळ चकवले होते, म्हणून तो सविस्तर सांगतो. मोजा टेबलावर आडवा पसरून टाचेच्या जागी जपून सपाट करावा. विणीची दिशा बदलते तिथे एक तिरकी रेघ दिसते. ती टाचेच्या टोकापासून सुरू होऊन घोट्याच्या दिशेने जाते. या रेघेभोवतीचा फुगीर भाग म्हणजे टाचेची वाटी. रेघ जेमतेम दोन बोटे लांब असेल तर वाटी उथळ आहे असे समजावे. ती लांब असेल, किंवा तिला शेवटी फाटा फुटून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार आला असेल, तर वाटी खोल आहे. काही स्वस्त मोज्यांत ही रेघच नसते, कारण तो नुसता सरळ विणलेला नळा असतो. असा मोजा चालणाऱ्या माणसाने घेऊच नये.

मग खिशातील पट्टी काढावी. वाटीच्या सर्वांत मागच्या टोकापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजा पट्टीवर धरावा. न ताणता तो पट्टीपेक्षा आखूड भरला पाहिजे आणि हलक्या हाताने ओढल्यावर पट्टीइतका झाला पाहिजे. न ओढताच पट्टीएवढा भरत असेल तर तो मोठा आहे. जोर लावल्याशिवाय पुरत नसेल तर लहान आहे, आणि सुती असेल तर पहिल्या धुण्यात आणखी थोडा आटेल. दुकानदाराला ‘काका, एक जोडी उघडून बघतो’ एवढे म्हटले की सहसा कोणी अडवत नाही. जो उघडू देत नाही त्याच्याकडून मोजे घेऊ नयेत.

मी एवढा आग्रह धरतो त्याचे कारण असे. मोजा आखूड असला की वाटी टाचेवर न बसता तळव्याखाली सरकते, टाचेवर पोटरीकडचे कापड ताणून बसते आणि प्रत्येक पावलागणिक ते खाली ओढले जाते. मोजा लांब असला की वाटी टाचेच्या वर, मागच्या शिरेवर जाऊन गोळा होते आणि बुटाच्या कडेशी घासून तिथे फोड आणते. दोन्ही वेळा लोक म्हणतात की वरचे इलॅस्टिक सैल आहे, आणि पुढच्या खेपेस अधिक घट्ट काठाचा मोजा आणतात. त्याने मोजा उतरायचा थांबत नाही, फक्त पोटरीवर वळ उठतात. याहून वाईट म्हणजे शाळेच्या मुलांच्या मोज्यांवर रबरबँड चढवण्याची सवय. ती आजच बंद करावी. वाढत्या मुलाच्या पायाभोवती सहा-सात तास रबर आवळून ठेवणे हा मोज्यावरचा उपाय नव्हे, तो पायाला दिलेला त्रास आहे. मुलाचा मोजा उतरत असेल तर बहुधा पाय वाढला आहे आणि मोजा वाढलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घोट्याखाली राहणाऱ्या आखूड मोज्यांत ही अडचण दुप्पट होते, कारण त्यांना धरून ठेवायला वर कापडच नसते. ते घ्यायचेच असतील तर मागचा काठ बुटाच्या कडेपेक्षा वर येतो याची खात्री करावी.

एका वेळी एकच जोडी घ्यावी. घरी ती घालून, बूट चढवून, जिना चार-पाच वेळा चढावा-उतरावा, किंवा टिळकवाडीत राहणाऱ्याने व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला एक फेरी मारावी. नंतर बूट हलकेच काढून लगेच पाहावे: वाटीचा मध्य टाचेच्या मध्यावर असला पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा घोट्याच्या हाडांकडे रोखलेल्या असल्या पाहिजेत. बोटांपुढे रिकामे कापड लोंबू नये, आणि बोटे हलवताना नखांवर ताणही जाणवू नये.

बोटांवरची शिवण मोजा उलटा करून अंगठ्याने चाचपावी. जाड दोरीसारखी लागली तर ती करंगळीचे नख दुखवणार.

कापडाविषयी ‘शंभर टक्के सुती घ्या’ हा सल्ला मला पटत नाही. सूत घाम शोषते, पण तो धरूनही ठेवते, आणि निव्वळ सुती मोजा लवकर ढगळ होतो. तीन चतुर्थांशाच्या आसपास सूत, उरलेले नायलॉन आणि २ ते ५ टक्के इलॅस्टेन (रबरासारखा ताणला जाणारा धागा) असलेला मोजा रोजच्या वापरास उत्तम. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात कोणताही मोजा भिजतोच. तिथे कापडापेक्षा दप्तरातील कोरडी जोडी महत्त्वाची, नाहीतर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्याच म्हणून समजा. सेफ्टी शूजसाठी तळव्याला आतून टॉवेलसारखे फासे असलेला जाड मोजा घ्यावा, मात्र बूट घेतानाही तोच मोजा घालून जावे.

मधुमेह असलेल्यांनी काठ सैल व शिवण सपाट असलेला, फिक्या रंगाचा मोजा घ्यावा. पायाची संवेदना कमी झाली असेल तर जखम दुखत नाही, पण फिक्या कापडावरचा डाग दिसतो. रोज रात्री तळवे पाहावेत, आणि जखम आढळल्यास घरगुती मलम न लावता डॉक्टरांकडे जावे.

धुताना मोजे उलटे करावेत, गरम पाणी टाळावे आणि सावलीत वाळवावे.

पसंतीची जोडी सापडली की त्याच प्रकारच्या आणखी चार-पाच जोड्या एकाच रंगात आणाव्यात, म्हणजे एक मोजा फाटला तरी दुसरा वाया जात नाही. अधूनमधून टाच उजेडासमोर धरून पाहावी. कापडातून बोटे स्पष्ट दिसू लागली की मोजा टाकून द्यावा. तिथे रफू करू नये, कारण रफूची गाठ नेमकी अंगाचा भार पडतो तिथेच टोचत राहते.