रेसिंग गाडीचा टायर साइज बदलताय? या चुका टाळा

दरवर्षी फॉर्म्युला स्टुडंटच्या (इंजिनिअरिंगची पोरं स्वतः छोटी रेसिंग गाडी बनवतात ती स्पर्धा) एखाद्या टीममधून फोन येतो, दादा यंदा आम्ही 13 वरून 10 इंची रिमवर जातोय, वजन कमी होईल. होईल ना, नक्की होईल. पण पुढे लगेच "बाकी गाडी तीच ठेवतोय" असं ऐकलं की पोटात गोळा येतो. टायर बसवतात शेवटी, पण ठरवावा लागतो सगळ्यात आधी, कारण अपराइट (चाकाचा हब धरणारा भाग), ब्रेक, विशबोन (अपराइटला गाडीशी जोडणारे पाइपचे हात), स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) सगळं त्याच्यावरून निघतं.

सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे रिमच्या आतली जागा. आमच्याच वर्षीचं सांगतो. कॅडमधे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमधे, कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारा भाग) आणि रिममधे 2 मिलिमीटर गॅप दिसत होता, सगळे खूश. स्टँडवर चाक मस्त फिरलं. कॉलेजच्या पार्किंगमधे गाडी काढली आणि पहिल्याच टर्नला खर्रर्र आवाज. चाक उतरवलं तर रिमच्या आत गोल चकचकीत चर पडलेली, नख फिरवलं तर अडकत होतं, आणि बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं सोलून निघालेली. कॅडमधे ती वजनं कोणी काढलीच नव्हती, आणि टर्नमधे लोड आला की रिम, हब, बेअरिंग सगळं थोडं थोडं वाकतं हेही धरलं नव्हतं. एक जण म्हणाला, कॅलिपर ग्राइंडरने थोडं घासून घेऊ. अजिबात नाही! त्याच्या आत ब्रेक ऑइलचं प्रेशर असतं, तिथे धातू कमी करायचा म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ. शेवटी भोसरीतून लहान डिस्क कापून आणली, नवीन ब्रॅकेट केलं, दोन रात्री गेल्या. टायर लहान झाला की तेवढ्याच ब्रेकिंगला टॉर्क कमी लागतो म्हणून लहान डिस्क चालून गेली, पण ती तापते लवकर, ते लक्षात ठेवा.

तेव्हापासून माझी सवय म्हणजे कॅलिपरवर शाडूचा बोटभर गोळा चिकटवायचा, चाक बसवून हाताने हळू फिरवायचं, मग उरलेली माती व्हर्नियरने मोजायची. 4 मिलिमीटरच्या खाली असेल तर मी गाडी बाहेर काढू देत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण पोरांना तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक, एफ वनचं बघून मोठ्या रिमचा हट्ट. एफ वन 2022 मधे 13 वरून 18 इंचावर गेलं हे खरं, पण आधीच्या उंच साइडवॉलमुळे (टायरच्या बाजूच्या रबरी भिंतीमुळे) टायर स्वतःच स्प्रिंगसारखा दबायचा, तो कमी दबायला लागल्यावर टीम्सना सस्पेन्शनचा विचार नव्याने करावा लागला. शिवाय चाकं जड झाली. आपल्या छोट्या गाडीला ते फिरणारं वजन कशाला हवंय?

स्प्रॉकेट विसरू नका. 20.5 इंच उंचीचा टायर काढून 18 चा लावला तर त्याच आरपीएमला स्पीड सुमारे 12 टक्के पडतो, म्हणजे मागे 40 दात असतील तर 35 लागतील.

टायरचा घेर बदलतो, म्हणून व्हील स्पीड सेन्सरचं कॅलिब्रेशनही बदला.

20.5 वरून 18 च्या याच बदलात गाडी साधारण 32 मिलिमीटर खाली बसते, आणि नियमाने ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यातली जागा) किमान 30 मिलिमीटर लागतो. मग लोक पुशरॉड (चाकाची हालचाल स्प्रिंगपर्यंत नेणारा दांडा) लांब करून गाडी उचलतात. त्याने विशबोन बाहेरच्या बाजूला खाली झुकतात, रोल सेंटर (टर्नमधे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) वर सरकतो आणि गाडी वेगळीच वागायला लागते. अपराइट नवीन करा, दुसरा मार्ग नाही. लहान रिममधे वरचा-खालचा बॉल जॉइंट (विशबोन आणि अपराइटमधला सांधा) जवळ येतो, तेवढ्याच लोडला विशबोनवरचा फोर्स वाढतो, म्हणून जुने पाइप परत तपासा.

आणि कृपा करून, मिळणारा टायर बघूनच साइज ठरवा. टायरेलच्या सहाचाकी पी 34 ला पुढे 10 इंची चाकं होती, 1976 मधे स्वीडनची रेस जिंकली, पण ती चाकं दुसरं कोणीच वापरत नव्हतं, गुडइयरचं लक्ष नेहमीच्या टायरवर राहिलं आणि पुढच्या वर्षी गाडी मागे पडली. त्यामुळे डिझाइनची पहिली रेघ मारायच्या आधी डीलरला फोन करून विचारा, याच साइजमधे पावसाचा टायर आहे का, आणि किती आठवड्यात हातात येईल.