आपल्या गावात खरंच राहतं कोण आणि घरं चालतात कशावर? स्वतः मोजायची पद्धत

कोकणातली गावं रिकामी होतायत असं सगळेच म्हणतात, पण तुमच्या वाडीत किती जण कमी झाले आणि नेमके कोण, असं विचारलं की कोणाला सांगता येत नाही. जिल्ह्याचे आकडे आहेत, रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 16,96,777 होती ती 2011 ला 16,15,069 झाली, सिंधुदुर्गातही घटच. पण त्यावरून आपल्या गावाचं काही कळत नाही, ते आपणच मोजायचं. दोन-तीन जण मिळून छोट्या गावाचं आरामात होतं.

आधी जनगणनेच्या वेबसाईटवरून 2001 आणि 2011 चे गावनिहाय आकडे काढा. एकूण लोक, घरं, 0 ते 6 वयाची मुलं, शेतकरी, शेतमजूर, सगळं मिळतं. फक्त एक बघा, तिथे महसुली गाव असतं आणि एका ग्रामपंचायतीत अशी दोन-तीन गावं असू शकतात, त्यामुळे तुलना करताना तेच गाव धरताय ना याची खात्री करा. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणजे 2011 नंतरचं चित्र गावातच शोधायचं.

त्यासाठी माझ्या मते सगळ्यात भारी कागद म्हणजे जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते ती वही. मुख्याध्यापकांना विनंती करून दरवर्षी पहिलीत किती मुलं आली एवढंच उतरवून घ्या, नावं नकोत. वीस-पंचवीस वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहिले की गाव कधीपासून आटायला लागलं ते डोळ्यांसमोर येतं. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवर मात्र विसंबू नका, कारण जन्म जिथे होतो तिथेच नोंदतात आणि हल्ली बाळंतपणं तालुक्याच्या नाहीतर शहराच्या दवाखान्यात होतात. त्यापेक्षा अंगणवाडी ताईंकडचं कुटुंब सर्वेक्षण जास्त कामाचं.

मग घरोघरी जायचं. वेळ महत्त्वाची आहे, गणपती, शिमगा आणि मे महिना सोडून, कारण तेव्हा चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेली गावची माणसं, आलेले असतात. लावणी उरकल्यावर, गणपतीच्या आधी गेलात तर उत्तम. वहीत प्रत्येक घरासाठी तीन रकाने करा, इथेच राहतात ते, येऊन-जाऊन असतात ते, आणि फक्त रेशनकार्डावर नाहीतर मतदारयादीत नाव आहे ते. प्रत्येकाचं वय आणि स्त्री की पुरुष एवढं लिहा. कुलूपबंद घरं वेगळी मोजा, पण शेजारी विचारा, काही घरं वर्षभर बंद असतात तर काहींत सणाला चूल पेटते. आंबा बागांत राखणीला आणि कामाला नेपाळी कुटुंबं राहतात, त्यांना पाहुणे समजून सोडू नका, हंगामात पुन्हा एक फेरी मारून त्यांचाही आकडा घ्या.

2011 ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, कारण पुरुष मुंबईला. छोट्या वाडीत असं गुणोत्तर काढायच्या भानगडीत पडू नका, एक घर हललं तरी आकडा कुठल्या कुठे जातो. सरळ लिहा, 60 च्या वरचे किती, त्यातले एकटे राहणारे किती, 20 ते 40 मधले किती.

आता उत्पन्न. "महिन्याला किती मिळतात" असं तोंडावर विचारलं तर खरं उत्तर येणार नाही, आणि जनगणनेत तर उत्पन्नाचा प्रश्नच नसतो. उत्पन्नाच्या दाखल्यावरचे आकडेही धरू नका. त्याऐवजी घर कशावर चालतं ते विचारा. मुंबईहून पैसे येतात का, पेन्शन आहे का, आंब्याची कलमं स्वतः करता की खंडाने दिलीयेत, काजू, मासे, मजुरी, श्रावणबाळ, लाडकी बहीण, किसान सन्मानचे वर्षाला 6000, जे असेल त्यावर टिक. मग म्हणा, यातलं मुख्य कुठलं, कुठलं बंद झालं तर घर अडेल? म्हातारी माणसं या प्रश्नावर बसवून घेतात, चहा टाकतात आणि सगळं सांगतात, तेव्हा वही बाजूला ठेवून नीट ऐका, दहा वर्षांपूर्वी कशावर चालत होतं तेही तिथेच कळतं.

शेवटी वाडीवार बेरजा करा. ग्रामसभेत फक्त बेरजा वाचा, कोणाच्या घराची माहिती आणि मुख्य म्हणजे एकटं कोण राहतं हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका. गावाचा विकास आराखडा बनवतानाच हा कागद द्या, म्हणजे 60 च्या वरचे जास्त असलेल्या वाडीत आधी पाखाडीला (पायऱ्यांच्या वाटेला) रेलिंग आणि दिवा की अजून एक सभामंडप, हे आकडे समोर ठेवून बोलता येईल.