सिनेमाच्या म्युझिकसाठी आठ तारांची गिटार बनवताय?

आधी स्केल लेंथ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ठरवा, बाकी सगळं नंतर. आठवी तार एफ शार्पला म्हणजे 46 हर्ट्झच्या आसपास वाजते आणि नेहमीच्या 25.5 इंचावर ती ढिली पडून नुसती फडफडते, म्हणून मल्टिस्केल करा, म्हणजे प्रत्येक तारेची लांबी वेगळी, बारीक तारेला 25.5, जाड तारेला 28 इंच, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) तिरप्या येतात पण हात लवकर बसतो. सॅम्पलिंग (एकेक सूर रेकॉर्ड करून नंतर कीबोर्डवरून वाजवणं) करायचंय तर पिकअपच्या (तारेची थरथर पकडणाऱ्या चुंबकाच्या) खाचेत आतून कॉपर टेप लावाच, कारण एका सुरात जाणवत नाही ती विजेची घरघर दहा सूर एकत्र आले की सगळी वर येते. डीआय, म्हणजे गिटारचा थेट सिग्नल, कोरा (इफेक्टशिवाय) घ्या, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात, आणि प्रत्येकी तीन-चार वेळा, नाहीतर मशीन वाजतंय असं वाटतं. सूर पूर्ण विझेपर्यंत बोट उचलू नका.